‘असल्यास’ काढा

क्षमस्व, दिलगीर, अनवधानाने, नजरचुकीने. हे शब्द आता मला टाइप करावे लागत नाहीत. ‘क्ष’ उमटला की पुढचं बोटंच मारून मोकळी होतात. कराडला आमचं डीटीपी आणि छपाईचं दुकान आहे. मशीन नवऱ्याकडे, मजकूर माझ्याकडे. पूर्वी पेजमेकर होतं, आता कोरलड्रॉ आणि श्रीलिपी, पण येणारा मजकूर तोच. लग्नपत्रिका, वास्तुशांत, जावळ, दशक्रियेचं पत्र, पुण्यस्मरणाचा फ्लेक्स, यात्रेचं हँडबिल, वकिलांच्या नोटिसा आणि अधूनमधून एखादा जाहीर माफीनामा. या शेवटच्या प्रकारात एक क्रियापद हटकून येतं आणि ते टाइप करून करून माझं त्याच्याशी भांडण झालंय. ते म्हणजे ‘दुखावणे’.

भांडण सांगण्याआधी त्याचं घराणं सांगते.

‘दुखणे’ हा सरळ माणूस. दाढ दुखते, कंबर दुखते, कुणी दुखवली असा प्रश्न येत नाही. ‘दुखवणे’ म्हणजे समोरच्याला दुखेल असं वागणं किंवा बोलणं. आमची आजी ‘पोरी, कुणाचं मन दुखवू नये गं’ म्हणायची, त्यातलं. आणि ‘दुखावणे’ हा गडी दोन्ही बाजूंनी खेळणारा. ‘त्यानं मला दुखावलं’ असं म्हणता येतं, आणि ‘मी दुखावले’ असंही. पहिल्या वाक्यात करणारा हजर आहे. दुसऱ्यात पसार. बैलाचा पाय दुखावतो, बॉलरचा खांदा दुखावतो, तशीच आत्या दुखावते. जणू आपली आपणच.

‘दुखवल्या’ की ‘दुखावल्या’ असं गिऱ्हाईक कधी विचारत नाही, पण मजकुरात दोन्ही येतात, कधी कधी एकाच कागदावर. मी दोन्ही राहू देते. माझ्या कानाला ‘दुखवणे’मध्ये थोडा हेतू ऐकू येतो आणि ‘दुखावणे’मध्ये नुसता परिणाम. हा व्याकरणाचा नियम म्हणून सांगत नाही. मी मराठीत बी.ए. केलं तेही बहिःस्थ, आणि बरंचसं व्याकरण लोकांच्या चुका दुरुस्त करतानाच शिकले.

बाकीचे भाऊबंद सगळ्यांच्या ओळखीचे. दुखापत खेळाडूची, दुखणं म्हाताऱ्याचं, दुखणाईत माणूस अंथरुणाला खिळलेला. शेजाऱ्यानं चारचाकी घेतली की आपल्या पोटात दुखतं. कोणी आजारी पडलं की काय दुखतंय-खुपतंय ते बघायला जायचं, आणि जो दुखण्याखुपण्याला धावून येतो तो आपला. माणूस गेल्यावरचा दुखवटाही याच घरातला. आमच्याकडे सुतक फिटलं की सोयरे दुखवट्याचे कपडे घेऊन येतात. तिकडे सरकार राष्ट्रीय दुखवटा जाहीर करतं आणि झेंडा अर्ध्यावर येतो. एकाच शब्दाच्या घरात दाढेपासून झेंड्यापर्यंत सगळे नांदतात, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आता एक गोष्ट बघा. हा शब्द आपण लिहितो भरपूर, पण बोलतो का? ‘तू मला दुखावलंस’ असं वाक्य तुम्ही स्वतः कोणाच्या तोंडावर शेवटचं कधी म्हणालात? मी तरी कधीच म्हटलेलं नाही. ते मालिकेतल्या सुनेनं, मागे व्हायोलिन वाजत असताना म्हणायचं वाक्य आहे. तिसऱ्याबद्दल सांगताना मात्र ते सहज येतं. ‘काका जरा दुखावलेत, जाऊन ये एकदा.’ म्हणजे दुखावलेला माणूस नेहमी पलीकडच्या खोलीत असतो. समोर असला तर आपण दुसरेच शब्द काढतो. मला वाईट वाटलं. मला नाही आवडलं ते. माझी जाऊ कणकवलीची, ती ‘माका वायट वाटला’ म्हणते आणि विषय तिथंच संपवते. आमच्या सासूबाई म्हणायच्या, ‘बोलला त्याचं काय न्हाय, पर लागलं बघ.’

हे ‘लागणं’ माझं फार लाडकं. भूक लागते, ठेच लागते, नाद लागतो, डोळा लागतो, फोन लागतो, आणि बोलणंही लागतं. टोकाला गेलं तर जिव्हारी लागतं, वर्मी लागतं. आणि हेच क्रियापद आपण नात्यालाही वापरतो. ‘तो तुझा कोण लागतो?’ ‘मामा लागतो.’ रस्त्यावरचा अनोळखी रिक्षावाला काहीबाही बोलून गेला तर राग येतो, पण लागत नाही. लागायला तो कोणीतरी लागावा लागतो. इतकं नेमकं वाक्य रचायला दुसऱ्या कुठल्या क्रियापदानं मला साथ दिली असती असं वाटत नाही.

आणि लागेल असं बोलायची तर आपल्याकडे अख्खी पेठ आहे. टोमणा मारणं, टाकून बोलणं, घालूनपाडून बोलणं, खोचून बोलणं, उणंदुणं काढणं, हिणवणं, डिवचणं, पाणउतारा करणं. कुजकट, खवचट आणि तिरकट हे तीन वेगळे स्वभाव आहेत, एक नव्हेत, आणि घरात तिन्ही असतील तर फरक आपोआप कळतो. सगळ्यात वरची कारागिरी ‘लेकी बोले सुने लागे’ची. तोंड लेकीकडे, बाण सुनेकडे. सून दुखावली तर सासू हात झटकायला मोकळी, ‘मी तर माझ्या लेकीला बोलले!’ यातही तेच ‘लागे’ आहे, आणि यातही करणारा पसारच आहे. आपल्या भाषेला ही सवय फार जुनी.

त्यात भर म्हणून ‘मनाला लावून घेणं’. ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं!’ हे वाक्य मला कोणी म्हटलं की आधीच्या बोलण्यानं लागलं नसेल त्याच्या दुप्पट लागतं. बोलणाऱ्यानं काही केलंच नाही, ऐकणाऱ्यानंच ते उचलून मनाला लावलं. ‘तोंडानं फटकळ आहे, मनानं चांगली आहे’ हाही त्यातलाच परवाना. फटकळ माणसाचं मन चांगलं असेलही. पण बाकीच्यांना त्याच्या मनाशी व्यवहार करायचा नसतो, तोंडाशीच करायचा असतो.

दुकानात आलेलं दुखावणं बहुतेक वेळा नावांचं असतं. आमच्या भागातली लग्नपत्रिका तुम्ही पाहिली असेल तर मी काय म्हणते ते कळेल. वधू-वरांची नावं मध्ये राहतात, आणि खाली निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, विनीत, मग समस्त परिवार, मग गावचे सरपंच, सोसायटीचे चेअरमन, आणि कोपऱ्यात किलबिल. पहिलं प्रूफ बापानं नेलेलं असतं. परत येतं तेव्हा त्यावर तीन रंगांची पेनं फिरलेली असतात. बाण, गोल, खुणा. धाकट्या चुलत्याचं नाव थोरल्याच्या वर गेलंय. दोघांना एका ओळीत बसवा. बसवते. मग डावीकडे कोण? डावीकडचा आधी वाचला जातो, म्हणजे तो थोरला. मग उजवीकडच्याच्या घरातून फोन, की आमच्या यांचं नाव बारीक का दिसतंय. नाव लांब आहे म्हणून ओळ दाबली गेली, बाकी काही नाही, पण हे कोण ऐकून घेणार! एवढं करून सगळ्यांत खाली ती ओळ येतेच, ‘नजरचुकीने आमंत्रण देण्याचे राहिल्यास हेच आमंत्रण समजून अगत्य येण्याचे करावे.’ कुणी दुखावण्याच्या आधीच घेऊन ठेवलेला हा विमा. आमच्या फाइलीत ती ओळ वेगळी सेव्ह करून ठेवलेली आहे, सरसकट चिकटवायची.

‘गं. भा.’ची गोष्ट मात्र मला वेगळी वाटते. गंगा भागीरथी. नवरा वारलेल्या बाईच्या नावाआधी लावायचं. जुनी माणसं ते मान म्हणून लावतात, आणि मुलगा स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेत आईच्या नावाआधी न विचारता लावून मोकळा होतो. मागे एक बाई स्वतः प्रूफ घेऊन आल्या. बाकी सगळं बरोबर होतं. त्यांनी फक्त आपल्या नावाआधीच्या त्या दोन अक्षरांवर नख ठेवलं आणि म्हणाल्या, ‘एवढं काढता येईल का? श्रीमती करा. पोराला सांगू नका मी सांगितलं म्हणून.’ मी काढलं. पोराला ते दिसलंही नसणार. २०२३ च्या एप्रिलमध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी विधवांसाठी ‘गं. भा.’ वापरण्याचा प्रस्ताव तयार करा म्हणून विभागाला कळवलं तेव्हा बरीच टीका झाली, आणि असा काही निर्णय झालेला नाही असं त्यांना सांगावं लागलं. पेपरात ते वाचताना मला ते नखच आठवत होतं. लिहिणारा मान म्हणून लिहितो, आणि ते वाचायला दुसऱ्याच कुणाला लागतं. दुखवायचा हेतू कोणाचाच नसतो. तरी दुखावलं जातंच. एवढ्या बाबतीत त्या ‘दुखावणे’ची बाजू मला घ्यावी लागते. करणारा नसलेलं दुखणंही असतं.

पण पेपरातलं ‘भावना दुखावल्या’ मात्र मला पटत नाही. इथे मन नसतं, भावना असतात, आणि त्या नेहमी अनेकवचनात. एका माणसाची एक भावना दुखावली असं कधी वाचलंय? ‘समाजाच्या भावना’, ‘भक्तांच्या भावना’, ‘तमाम जनतेच्या भावना’. टीव्हीवाले तर ‘भावनांना ठेस पोहोचली’ म्हणतात. आपल्याकडे ठेच असते आणि ती लागते, पायाच्या अंगठ्याला. ही पोहोचणारी ठेस हिंदीतून पार्सलनं आली आणि आता तिला परत पाठवायला कोणी तयार नाही.

आमच्याकडे नोटिसा टाइप करायला येणारे एक वकील आहेत. त्यांना मी एकदा विचारलं, की भावना दुखावल्याचा गुन्हा नेमका असतो काय. ते खूश झाले. वकिलाला टायपिस्टनं कायदा विचारावा असं रोज होत नाही. त्यांनी सांगितलेलं थोडक्यात असं. १८६० च्या दंड संहितेत कलम २९८ मुळापासून होतं. दुसऱ्याच्या धार्मिक भावना दुखावण्याच्या मुद्दाम उद्देशानं उच्चारलेला शब्द, काढलेला आवाज, केलेला हावभाव त्यात येतो. १९२७ साली त्याच्या जोडीला २९५-अ आलं. लाहोरच्या एका प्रकाशकाला एका पुस्तिकेवरून खटला भरूनही हायकोर्टानं सोडलं होतं, कारण तो मजकूर तेव्हाच्या कलमात बसत नव्हता. त्यावरून गदारोळ उठला आणि हे नवं कलम घातलं गेलं. शिक्षा आधी दोन वर्षांपर्यंत होती, १९६१ मध्ये ती तीन वर्षांपर्यंत झाली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यात याच गोष्टी कलम २९९ आणि ३०२ मध्ये आहेत. पेपरात अजून सवयीनं जुने आकडे येतात.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. २९५-अ मध्ये नुसता अपमान पुरत नाही, तो जाणूनबुजून आणि द्वेषबुद्धीनं केलेला असावा लागतो. १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे कलम घटनेत बसतं असा निकाल दिला, पण त्याच वेळी सांगितलं की नकळत, निष्काळजीपणानं किंवा तसा हेतू नसताना झालेला अपमान त्यात येत नाही. म्हणजे कायदा पहिला प्रश्न विचारतो तो करणाऱ्याला. तू कोण, तू काय केलंस, मुद्दाम केलंस का? आणि आपलं पेपरातलं वाक्य नेमकं तेवढंच गाळून पुढे जातं. भावना दुखावल्या. कोणी, ते पुढच्या पानावर बघा.

माफीनाम्यात तर हे वाक्य पुरतं निसटून जातं. नमुना सगळ्यांचा एकच, ‘माझ्या वक्तव्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास मी दिलगिरी व्यक्त करतो.’ टाइप करताना मी दर वेळी मोजते, यात माणूस पळून जायच्या वाटा किती. ‘दुखावल्या’मध्ये करणारा आधीच नाही. त्यावर ‘गेल्या’ जोडून, शाळेत ज्याला नवीन कर्मणी म्हणायचे त्या प्रयोगानं, नसलेल्याला पुन्हा एकदा घालवलं. ‘कोणाच्या’ म्हणजे ज्याच्या दुखावल्या त्याचंही नाव नाही. ‘असल्यास’ म्हणजे दुखावल्यात की नाहीत तेही नक्की नाही. ‘वक्तव्यामुळे’ म्हणजे जे काही झालं ते वक्तव्यानं केलं, मी नाही. आणि शेवटी माफी मागत नाही, दिलगिरी ‘व्यक्त’ करतो. एवढ्या फटी ठेवून घर बांधलं तर पहिल्या पावसात गळेल, पण माफीनामे टिकतात.

या वाक्याची कोणी खरोखर झडती घेतलेली मी एकदाच पाहिली. ती घेणाऱ्या म्हाताऱ्यानं व्याकरणाचं पुस्तक हातात धरलं असेल असं मला वाटत नाही.

कोयनाकाठच्या एका गावाची यात्रा होती. यात्रा कमिटीनं पत्रक काढलं. पहाटे अभिषेक, दुपारी नैवेद्य, रात्री छबिना, दुसऱ्या दिवशी कुस्त्या, आणि मधे मानकऱ्यांची यादी. त्या यादीतून पालखीला पहिला खांदा देणारं घराणंच राहिलं. पत्रक आमच्याकडे छापलेलं नव्हतं, ही त्या देवाचीच कृपा. गावात बैठक झाली, आणि कमिटीनं लेखी माफी मागावी असं ठरलं. कमिटीचा सेक्रेटरी, पोरगाच होता, मजकूर मोबाईलवर लिहून घेऊन आला. त्याच्याबरोबर राहिलेल्या घराण्यातले एक आबा आले होते, मजकूर ‘बगायला’. पांढरी टोपी, कानाच्या मागे बिडी. मी स्टूल दिलं. बसले नाहीत. माझ्या खुर्चीच्या मागे उभे राहून पडद्याकडे बघत राहिले.

पोरानं वाचून दाखवलं, ‘अनवधानाने नाव राहून गेल्याने कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास यात्रा कमिटी दिलगीर आहे.’

आबा म्हणाले, ‘असल्यास काढा.’

‘आबा, तशीच लिहायची पद्धत आहे.’

‘आसंल पद्धत. दुखावल्यात का न्हाईत? बैठकीला तू हुतास का न्हवतास? मग आसल्यास म्हणून कुणाला ईचारतोस?’

मी ‘असल्यास’ काढलं. पोरगा माझ्याकडे बघत होता, मी पडद्याकडे.

‘कोणाच्या म्हंजे कुणाच्या? समद्या गावाच्या? नाव घाला की आमचं. तेच तर ऱ्हायलंय.’

नाव घातलं. आता वाक्य झालं, ‘… घराण्याच्या भावना दुखावल्या गेल्याबद्दल’. आबांनी ते दोनदा वाचायला लावलं.

‘गेल्या? कुटं गेल्या? हितंच हायत आमच्या.’

इथं मला हसू आवरेना, पण ते विनोद करत नव्हते. मी ‘गेल्या’ उडवलं. मग ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘बाई, ते भावनाबिवना ऱ्हाऊ द्या. भावना म्हंजे काय, आमी काय रडत बसलोय व्हय घरात? आमचा मान ऱ्हायला. तसं लिवा.’

अडचण अशी, की ‘मान राहिला’ असं लिहिलं तर तो टिकला असाही अर्थ निघतो. उद्या तेच पत्रक दाखवून कोणी म्हणायचं, बघा, मान राहिला. मी हे आबांना सांगितलं. त्यांना ते पटकन पटलं, इतकं की त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाले, ‘मग तुमीच घाला शबूद.’

मी घातला. ‘यात्रेच्या पत्रकात पालखीच्या पहिल्या खांद्याचे मानकरी म्हणून … घराण्याचे नाव यात्रा कमिटीने छापले नाही. ही कमिटीची चूक आहे. पुढील वर्षी ते नाव यादीत पहिले असेल.’ सेक्रेटरीला ‘चूक’ खटकली. तो बाहेर जाऊन चेअरमनशी फोनवर बोलून आला आणि म्हणाला, ‘त्रुटी म्हटलं तर?’ आबांना ते ‘तुरटी’ ऐकू आलं की त्यांनी मुद्दाम ऐकलं, सांगता येत नाही. ‘तुरटी दाढीला. हितं चूक.’ चूक राहिली. जाताना त्यांची एकच अट होती. आधीचं पत्रक जेवढं छापलं तेवढंच हे छापायचं, आणि त्याच पिवळ्या कागदावर.

त्या मजकुरात ‘दुखावणे’ हा शब्दच उरला नाही, हे माझ्या लक्षात प्लेट लागल्यावर आलं. कोणी काय केलं हे सरळ लिहिल्यावर समोरच्याला काय झालं हे लिहायची गरजच पडली नव्हती. तेव्हापासून कोणी माफीनाम्याचा मजकूर ‘तुम्हीच जरा चांगला करून द्या’ म्हणालं की मी आधी विचारते, केलं कोणी? बहुतेकांना हा प्रश्न आवडत नाही. ते म्हणतात, राहू द्या, नेहमीसारखंच घाला. मग मी नेहमीसारखंच घालते. आम्हाला दुकान चालवायचं असतं.

आता ‘हर्ट’बद्दल. माझी पुतणी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. तिच्या बोलण्यात ‘दुखावणे’ नाही, ‘लागणे’ही नाही. ‘मला हर्ट झालं’, ‘ती फार हर्ट आहे’, ‘तू मला हर्ट केलंस’. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्यातली प्रूफरीडर कळवळली. आपल्याकडे एवढी पेठ भरलेली असताना बाहेरून माल कशाला? पण मग तिसरं वाक्य ध्यानात घेतलं. ‘तू मला दुखावलंस’ हे मला जन्मात कोणाला म्हणता आलं नाही, आणि ही पोरगी ‘आई, तू काल मला हर्ट केलंस’ हे आमटीचा दुसरा वाढप घेता घेता म्हणते. माझी जाऊ त्यावर ‘बरं बाई’ म्हणते, कधी चिडते, पण बोलणं होतं तरी. आमच्या वेळी आई-मुलीत हे झालं असतं तर ताट बाजूला सरलं असतं, आणि दोन दिवसांनी तिसऱ्याकडून कळलं असतं, की ती जरा दुखावलीये. तेव्हा ‘हर्ट’ला मी दुकानात घेणार नाही, पण घरात बसू देते.

मध्यंतरी तिचा फोन आला. प्रोजेक्टमधल्या एका मुलानं तिचं काम स्वतःच्या नावावर दाखवलं होतं, सगळ्यांसमोर. वाद झाला, आणि रात्री त्याचा मेसेज आला. तो तिनं मला वाचून दाखवला, ‘तुला हर्ट झालं असेल तर सॉरी.’ मला एकदम दुकानात असल्यासारखं वाटलं. मी तिला आबांची सगळी हकिगत सांगितली. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, थांब, पाठवतेच. तिनं लिहिलं, ‘असेल नाही, झालंय. आणि हर्ट सोड, माझं नाव स्लाइडवर टाक.’

त्यावर त्यानं नुसता अंगठा पाठवला. तो अंगठा होकाराचा, चिडल्याचा की ठेच लागल्याचा, ते मला विचारू नका. पण स्लाइडवर नाव आलं, दुसऱ्या ओळीत. ते पहिल्या ओळीत का नाही, यावर तिचं आता वेगळं भांडण चालू आहे.